ट्रान्सफर बेल्ट कुठला घ्यावा? (पक्षाघाताचा पेशंट)

शलाका_क
नमस्कार मंडळी. नर्सिंग सहाय्यकाचा कोर्स नुकताच झालाय आणि पहिलीच घरची केस न्यूरोची मिळाली. आजोबांना मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक आलेला, त्यामुळे डावा हात-पाय लुळा. बसतात छान, आधाराने उभेही राहतात. पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना कमरेला बांधायचा पट्टा हवाय. हँडलवाला की साधा? घरच्यांचं बजेट जेमतेम आहे, तेव्हा प्लीज फक्त पट्ट्याबद्दल सांगा.

बापूसाहेब
पट्टा सोडा, इलेक्ट्रिक होइस्ट (पेशंटला झोळीत उचलून नेणारं यंत्र) घ्या. आम्ही आईसाठी घेतला, बटण दाबलं की काम झालं. सोबत मोटरचा पलंगही घेतला. तक्रार शून्य.

कडू_कारले
बजेट जेमतेम लिहिलंय हो तिने. आणि उभं राहता येणाऱ्या माणसाला रोज टांगून नेलं तर तो पायावर भार देणार कधी?

बापूसाहेब
तुमची पाठ गेली की बोलू.

निशिगंध
हँडलवालाच घे. रुंद, आतून पॅड असलेला. साधा पट्टा काचतो आणि वर सरकतो.

वॉर्डातले_मामा
पट्टा कुठलाही घे ताई, लुळ्या हाताला धरून ओढायचं मात्र नाही. काखेत हात घालून उचलायचंही नाही. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा जागेवरून सरकतो. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, घरच्यांनीच प्रेमाने ओढओढून खांदा उतरवलेला. हात सुधारत होता, पण दुखण्यापायी व्यायामाला कुणाला हात लावू देईनात.
खुर्ची त्यांच्या उजव्या, म्हणजे धडधाकट बाजूला लाव. ब्रेक लाव, फूटरेस्ट बाजूला कर. उभं करताना त्यांच्या डाव्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा आधार दे, नाहीतर तो दुमडतो.

निशिगंध
मामांना +१. हात ओढू नये. आणि पट्टा हँडलवालाच.

गोलंदाज
स्पंजचा बॉल द्या हातात, दिवसभर दाबू दे. काकांची मूठ त्यानेच सुटली.

फिजिओ_अर्चना
सरसकट बॉल नको. स्ट्रोकनंतर हातात ताठरपणा येऊ लागला की बोटं आधीच मिटू पाहतात. तिथे दाबण्यापेक्षा मूठ उघडायचा सराव हवा. स्प्लिंट (हात-बोटं नीट स्थितीत ठेवणारा आधार) लागेल का, ते त्यांच्या थेरपिस्टने हात बघून ठरवावं.

गोलंदाज
काकांच्या वेळी तुम्ही नव्हता.

फिजिओ_अर्चना
बरं. शलाका, आजोबांना डावीकडचं भान आहे का? उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये पुष्कळदा नजर शाबूत असूनही डावी बाजू हिशेबातच राहत नाही. दाढी एकाच गालाची होते, ताटात डावीकडचं तसंच उरतं. असं असेल तर डावा हात चाकात अडकला तरी त्यांना कळणार नाही. खुर्ची हलवण्याआधी तो हात मांडीवर किंवा उशीवर आहे ना, ते बघत जा.

शलाका_क
अगदी असंच आहे! चष्म्याची डावी काडी कानामागे नसतेच, गालावर टेकलेली असते. मला वाटलं फ्रेम सैल आहे.

बापूसाहेब
एअर मॅट्रेस सुचवायची राहिली. रात्री उठून कूस बदलायची कटकट जाते.

वॉर्डातले_मामा
जात नाही, बापूसाहेब. एअर मॅट्रेसवरही कूस बदलावीच लागते, नाहीतर माकडहाड आणि टाचा आधी लाल होतात.

शलाका_क
सगळ्यांचे आभार. साधा सुती पट्टाच घेतला, दातेरी बकलचा, बिनहँडलचा. कोर्समध्ये त्यावरच हात बसलाय. हँडलमध्ये माझं मनगट अडकेल अशी भीती वाटते.

निशिगंध
मग विचारलंस कशाला?

वॉर्डातले_मामा
असू दे, चालतो तोही. कपड्यावरून बांध, आत दोन बोटं जातील इतकाच सैल ठेव आणि खालून मूठ घालून धर. पोटात नळी असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर विचारल्याशिवाय बांधू नकोस.

रानवारा
माझ्याकडे पार्किन्सन्सचे पेशंट आहेत. दारात आले की पाय जमिनीला चिकटतात. त्यांनाही हाच पट्टा चालेल का?

वॉर्डातले_मामा
वेगळा धागा काढा. तोवर पुढून ओढू नका, तोल जाईल. उंबऱ्याशी रंगीत चिकटपट्टीची आडवी रेघ मारा आणि ती ओलांडायला सांगा. आणि गोळीची वेळ चुकतेय का, ते आधी बघा.