जालावर भटकताना तुम्हाला काय गवसलं?

मागच्या आठवड्यात भाचा शेजारी बसला होता आणि मी कसलंतरी शोधकाम करत होते. एकतीस टॅब उघडे. त्यातला नेमका हवा तोच बंद झाला, आणि मी सवयीने हिस्टरी उघडून यादी उपसायला लागले. त्याने माझा हात बाजूला केला आणि कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबलं. गेलेला टॅब जागच्या जागी! पुन्हा दाबलं, तर त्याच्या आधी बंद केलेलाही आला. "मावशी, तुला हे माहीत नव्हतं?" हे त्याने ज्या सुरात विचारलं तो सूर अजून कानात आहे. पंधरा वर्षं रोज आठ-आठ तास ब्राउझरसमोर काढलीत मी.

या गोष्टी कुणी बसवून शिकवत नाही. कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावताना दिसतात, नाहीतर भलत्या बटणावर बोट पडतं आणि कळतात. म्हणून हा धागा. एखादी युक्ती असो, एखादं भन्नाट संकेतस्थळ असो, इथे सांगा. फक्त नुसत्या याद्या नकोत. याद्या कुणी वाचत नाही, मी तर नाहीच. ती गोष्ट कशी सापडली आणि कुठे कामी आली ते लिहा. फसलेले प्रयोग असतील तर आधी ते.

*

युक्ती म्हणावी का माहीत नाही, पण लिहितो.

बाबांनी निवृत्तीनंतर ब्लॉग सुरू केला होता. झाडं, जुने मित्र, मधूनच एखादं कोडं. आम्ही भावंडं कौतुकाने हसायचो, वाचायचो मात्र क्वचित. बाबा गेले. पुढे फुकट जागा देणारी ती सेवाच बंद पडली. तशी सूचना बाबांच्या ईमेलवर आली असणार, आणि तो पासवर्ड बाबांबरोबर गेला. आम्हाला पत्ताच नाही. सहा वर्षांनी धाकट्या बहिणीला त्यातलं एक कोडं हवं होतं, तेव्हा कळलं की तिथे आता काहीच नाही.

कुणीतरी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीन या संकेतस्थळाचं नाव सुचवलं. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था ब्रूस्टर काल यांनी १९९६ साली सुरू केली, तेव्हापासून ती जालावरची पानं साठवत आली आहे; २००१ पासून तो साठा कुणालाही पाहता येतो. तिथे जुना पत्ता टाकला की वर्षांची पट्टी आणि खाली दिनदर्शिका येते. ज्या दिवशी पान टिपलं गेलं त्या तारखेवर गोल ठिपका. बाबांच्या ब्लॉगला अकरा ठिपके होते. एकावर टिचकी मारली, बराच वेळ पांढरं पान, आणि मग ती हिरवी पार्श्वभूमी. फोटोंच्या जागी बहुतेक ठिकाणी रिकाम्या चौकटी, पण मजकूर अक्षरन् अक्षर शाबूत. कोपऱ्यात वाचकसंख्या मोजणारा आकडा होता, तो ४२१२ वर थांबलेला. एका लेखाखाली माझा प्रतिसाद सापडला. "छान बाबा." तेवढाच. सगळ्या ब्लॉगवर माझा तो एकच प्रतिसाद.

अकरा ठिपक्यांत जे आलं ते आलं, मधले काही लेख कायमचे गेले. तेव्हा ज्यांना काही जपायचं आहे त्यांनी वाट पाहू नका. त्याच ठिकाणी पान जतन करायची सोय आहे. पत्ता टाकायचा, बटण दाबायचं. लॉगिनच्या आडची पानं मात्र त्यात येत नाहीत, ती स्वतः पीडीएफ करून ठेवावी लागतात.

*

वरचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ गप्प बसलो. आता माझं म्हणजे अगदीच किरकोळ.

यूट्यूबवर के दाबलं की थांबतं, जे दाबलं की दहा सेकंद मागे, एल म्हणजे दहा पुढे. थांबवून स्वल्पविरामाचं किंवा पूर्णविरामाचं बटण दाबलं की चित्र एकेक चौकट मागेपुढे सरकतं. हे मला मुलीला गाठी बांधायला शिकवताना कळलं, कारण त्या व्हिडिओतल्या बाईची बोटं नेमकी महत्त्वाच्या क्षणी पंख्यासारखी फिरत होती.

*

फसलेला प्रयोग मागितलाय, तर घ्या.

घाईत होते. बँकेकडून आल्यासारखा संदेश, "खातं थांबवलं जाईल", खाली दुवा. उघडलं. रंग तेच, बोधचिन्ह तेच. माझे पासवर्ड एका पासवर्ड मॅनेजरमध्ये असतात, तो एरवी आपणहून रकाने भरतो. या वेळी भरेना. मी त्यालाच शिव्या घातल्या, त्याची तिजोरी उघडली, पासवर्ड हाताने कॉपी केला आणि चिकटवायला गेले. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. उठून येईपर्यंत डोकं थंड झालं आणि मग प्रश्न पडला, रोज भरणारा हा शहाणा आज का अडून बसलाय?

तो अडला होता कारण पत्ता वेगळा होता. आपण रंग पाहतो, तो पत्त्यातलं अक्षर न् अक्षर जुळवतो. तेव्हापासून पत्ता वाचायची माझी रीत बदलली. सुरुवातीच्या जोडतिरप्या रेघा (//) सोडायच्या, पुढची पहिली एकटी तिरपी रेघ शोधायची आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. शेवटच्या डॉटच्या लगेच डावीकडे जे नाव असतं, सहसा तोच खरा मालक. माझ्या त्या पत्त्यात बँकेचं नाव होतं, पण सगळ्यात डावीकडे. शोभेला. मालक कुणी "खाते-तपासणी" नावाचा होता.

बेल कुणी वाजवली होती ते आठवत नाही. चुकीच्या घरी आला होता बिचारा.

*

मी मुद्रितशोधनाचं काम करतो, त्यामुळे माझं गाऱ्हाणं मराठीचं.

दोघांनी मिळून टंकलेली एक संहिता आली होती. त्यात "दुसऱ्या" शब्द शोधला. संगणक म्हणाला, चौदा. मला समोरच्याच पानावर पंधरावा दिसतोय! चष्मा पुसला. परत शोधलं. चौदाच. अर्धा दिवस मी तो संगणक जुना झाला असं धरून चाललो होतो.

गंमत अशी, की हा ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण आत साठवलेले संकेत निराळे, आणि माझ्या प्रणालीचा शोध ते जुळवत नव्हता. तीच कथा "ॲप"ची. हा ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरसंकेतांत, २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला, त्याआधीची मंडळी अ वर चंद्र चढवायची, आणि बोटांना लागलेली सवय जात नाही.

उपाय साधा आहे. शोधायचा शब्द टंकू नका. पानावर दिसतोय तिथूनच उचला आणि शोधाच्या चौकटीत चिकटवा. मग दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला शब्द सापडला की तोही तसाच उचला. मी आता दोन्ही रूपं एका फाइलमध्ये लिहूनच ठेवली आहेत.

*

+१. मला वाटायचं माझेच डोळे गेले!

अवांतर: कुणाला दुवा पाठवताना त्याचं शेपूट छाटत जा हो. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर यूटीएमने (utm) सुरू होणारं जे लांबलचक लटांबर असतं ते वाचकासाठी नसतं, तुम्ही कुठून आलात ते मोजण्यासाठी असतं. काढलं तरी पान उघडतं. पण सरसकट प्रश्नचिन्हापासून कापू नका. मी उत्साहाच्या भरात यूट्यूबचे दुवे तसे कापले आणि सगळ्या नातेवाइकांना नुसतं यूट्यूब पाठवलं. तिथे व्हिडिओची ओळख प्रश्नचिन्हाच्या पुढेच असते.

*

निवृत्त शिक्षिका आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने पडून होते तेव्हा मुलाने झूनिव्हर्स उघडून दिलं, "वेळ जाईल" म्हणून. वेळ गेला तो असा, की जेवायला हाका माराव्या लागायच्या.

तिथे खऱ्या संशोधनातलं काम सामान्य माणसांना वाटून दिलेलं असतं. माझी सुरुवात दीर्घिकांनी, म्हणजे गॅलक्सींनी झाली. पडद्यावर एक अंधूक चित्र येतं आणि प्रश्न विचारतात: ही गुळगुळीत गोल दिसते, की हिच्यात काही आकार दिसतो? सर्पिल भुजा आहेत का? असतील तर किती? घट्ट गुंडाळलेल्या की सैल? पहिल्या दिवशी मी प्रत्येक चित्राला पाच-पाच मिनिटं घेत होते, पेपर तपासल्यासारखी. मग कळलं, तेच चित्र इतरही अनेक जण पाहतात आणि सगळ्यांची मतं एकत्र धरतात. माझ्या एकटीच्या चुकीने आकाश कोसळणार नव्हतं. मग हात मोकळा झाला.

या उपक्रमाचं मूळ २००७ सालच्या गॅलक्सी झूमध्ये. जवळजवळ नऊ लाख दीर्घिकांची चित्रं होती, शास्त्रज्ञांना एकट्याने बघून होणारी नव्हती, म्हणून लोकांपुढे ठेवली. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेखाली निळसर डाग दिसला. तिने सरळ विचारलं, हे काय आहे? कुणालाच सांगता येईना. तो निघाला वायूचा प्रचंड ढग, शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी आलेल्या प्रखर प्रकाशाने उजळलेला. तो गाभा आता मंदावलाय, ढग अजून लखलखतोय. त्याला "हॅनीज व्होरवेर्प" म्हणतात. डच भाषेत व्होरवेर्प म्हणजे नुसतं "वस्तू". शिक्षिका होती हे वाचून मला फार बरं वाटलं. वर्गात "बाई, हे काय आहे?" असं विचारणाऱ्याला मीही कधी खाली बसवलं नाही.

मला काही नवीन सापडलेलं नाही. एकदा वाटलं होतं, पण तो कॅमेऱ्याचा दोष निघाला.

*

आईच्या उशाशी रात्री जागायचे तेव्हा रेडिओ गार्डन ऐकायचे. पृथ्वीचा गोल बोटाने फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, तिथलं रेडिओ केंद्र चालू होतं. आपल्याकडे रात्रीचे तीन आणि तिकडे कुणीतरी उत्साहाने सकाळच्या बातम्या वाचतंय. शब्द कळत नाहीत. तेच बरं असायचं.

*

एवढं सगळं झालं आणि कॉफीच्या भांड्याचं नाव कुणीच काढलं नाही?

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली लोकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. कारण शुद्ध आळस. जिने पार करून जावं आणि भांडं रिकामं निघावं, हे सोसवेना. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं करडं चित्र, बस्स. १९९३ साली ते वेबवर गेलं आणि जगभरचे लोक एका भांड्याची पातळी बघत बसले. २२ ऑगस्ट २००१ रोजी ते बंद केलं. शेवटच्या चित्रात बटणाकडे गेलेली बोटं दिसतात.

उपयोग? काहीही नाही. पण धागाकर्तीने "भन्नाट" म्हटलंय, उपयुक्त म्हटलेलं नाही.

*

मी धागाकर्ती. वाट पाहायला लावली त्याबद्दल क्षमस्व, पण त्यामागे कथा आहे. काल रात्री प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहीत बसले होते. बाबांच्या ब्लॉगबद्दल दोन परिच्छेद, बाईंना तीन प्रश्न, कॉफीवाल्यांशी थोडी भांडणं. शेवटच्या ओळीला पोचले आणि टॅब बंद झाला. मी हसले, ऐटीत कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं. टॅब आला. चौकट कोरी.

भाच्याला फोन केला. म्हणाला, "टॅब परत येतो म्हटलं होतं मावशी, त्यात लिहिलेलं येईलच असं नाही."

आता नोटपॅडमध्ये लिहायला बसले आहे. बाई, तुम्हाला पहिला प्रश्न: सैल गुंडाळलेली भुजा ओळखायची कशी?