मदत हवी आहे: ट्रकच्या हौसिंगचा ऑइल भरायचा प्लग निघत नाही

नमस्कार मंडळी. माझ्या दहा टायर ट्रकच्या मागच्या हौसिंगचं (मागची चाकं फिरवणारे गिअर ज्यात असतात, त्या एक्सलच्या कवचाचं) ऑइल बदलायचंय, पण भरायचा प्लग जाम झालाय. वरचा सुटल्याशिवाय खालचा ड्रेन उघडायचा नाही, हे वडिलांनी शिकवलेलं. म्हणून जुनं ऑइल अजून आतच आहे, नाहीतर गाडी जागेवरच अडकली असती.

तारेच्या ब्रशने गंज घासला, रात्रभर स्प्रे मुरवला, पान्याला चार फुटी पाइप लावून जोर दिला. चौकोनी डोक्याचे दोन कोपरे गोल झाले, प्लग तसूभर हलला नाही.

मिस्त्री म्हणतात, डोक्यावर नट वेल्ड करू, त्या उष्णतेने आटेही सुटतील. पण आत ऑइल असताना वेल्डिंग करायची मला भीती वाटते. कोणी केलंय का? आधी ब्रीदर (हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारी छोटी झडप) काढायचा का? शनिवारी माल भरायचाय, कृपया लवकर सांगा.