मदत हवी आहे: प्राचीन इतिहास आणि भाषा एकत्र कसे शिकवावेत?

मुलगी १० वर्षांची आहे, शिक्षण घरीच चालतं. यंदा प्राचीन इतिहास आणि भाषा एकत्र गुंफायचा विचार आहे. मेसोपोटेमिया चालू असताना ओल्या मातीच्या पाटीवर कीलाकार (खिळ्याच्या आकाराच्या लिपीतल्या) खुणा उमटवायच्या, तिथल्या बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याचे दोन-चार कायदे वाचून तिने घरासाठी स्वतःचे नियम लिहायचे (ते आम्हाला पाळावे लागतील, हे आलंच!). इजिप्तसाठी रोझेटा शिलालेख डोक्यात आहे. १७९९ साली सापडलेल्या त्या दगडाच्या आधारे फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंने १८२२ साली इजिप्तची चित्रलिपी उलगडली, ही गोष्ट तिला स्वतःच्या शब्दांत लिहायला देता येईल.

अडतंय ते सिंधू संस्कृतीपाशी. तिची लिपी अजून वाचता आलेली नाही, म्हणजे वाचायला मूळ मजकूरच नाही. मुद्रांवरच्या प्राण्यांवरून गोष्ट लिहून घेतली, तर कल्पना आणि पुरावा यांची सरमिसळ होईल असं वाटतं. तिथे भाषेसाठी काय घ्यावं?

आणि व्याकरण, शुद्धलेखन यातच बसवता का, की रोज वेगळा वेळ देता? मला वेगळाच बरा वाटतो, पण ज्यांनी असं शिकवलंय त्यांनी आठवड्याची आखणी कशी केली ते कृपया सांगा.