शब्दचर्चा : विसंगती, अव्याप्ती, अतिव्याप्ती

रावपुरेकर : सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट्समध्ये, म्हणजे त्याने काय करायचं याच्या लेखी अटींमध्ये, सॉल्व्हरला (अटी गणिताने तपासणाऱ्या प्रोग्रॅमला) सापडलेल्या सगळ्याच चुकांना सर्रास ‘विसंगती’ म्हणतात. चालेल का? वडोदऱ्याजवळच्या आजव्याच्या तलावाचा नमुना घ्या, आकडे निव्वळ उदाहरणापुरते :
१) पातळी २११ फूट किंवा कमी – दरवाजा बंद
२) पातळी २११ किंवा जास्त आणि पाऊस चालू – दरवाजा उघडा
३) पातळी २१२ हून जास्त – दरवाजा उघडा

दांडियाबाजारकर : नाही चालणार, तपासण्याच वेगळ्या आहेत. आधी ओळींच्या जोड्या लावून दोन्ही अटी एकदम खऱ्या होतात का, हे झेड-थ्री या सॉल्व्हरला विचारायचं. १ आणि २ ला तो ‘सॅट’, म्हणजे ‘होतात’, म्हणतो आणि पुरावाही देतो : पातळी बरोबर २११, पाऊस चालू. दरवाजा बंदही आणि उघडाही! ही खरी विसंगती. २ आणि ३ सुद्धा एकमेकींवर चढतात, पण फळ एकच, म्हणजे नुसती पुनरुक्ती. तिने यादी फुगवू नये.
मग सगळ्या ओळींच्या अटी नाकारून विचारायचं, काही उरतं का? उरतं : २११.५, पाऊस नाही. ही अव्याप्ती, म्हणजे एकाही ओळीत न बसणारी स्थिती.

अकोटेकर : मग पहिल्या चुकीला, विसंगतीला, अतिव्याप्ती म्हणू, न्यायशास्त्रातली जोडी जमेल.

दांडियाबाजारकर : जमते खरी, पण अर्थ हुकतो. ‘जिला शिंगं असतात ती गाय’ ही अतिव्याप्ती, कारण म्हैसही आत आली. तिथे काय आत हवं ते ठरलेलं असतं. सॉल्व्हरला ते ठाऊकच नसतं. ओळी आपसात जुळत असल्या, तर २१० च्या जागी २११ पडलं तरी तो गप्प. तो शब्द अशा, माणसानेच पकडायच्या चुकीसाठी राखावा.
न्यायशास्त्रातला तिसरा दोष, ‘असंभव’, मात्र चपखल. समजा, सेन्सर २१३ पर्यंतच मोजतो आणि एखादी ओळ २१४ च्या वरचं मागते, म्हणजे ती कधीच लागू होणार नाही. फक्त सेन्सरची मर्यादा आधी गृहीतक म्हणून लिहायला हवी, नाहीतर हा दोष दिसतच नाही.

रावपुरेकर : अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या हाइटमेयर आणि सहकाऱ्यांनी १९९६ च्या लेखात रिक्वायरमेंट्सच्या तक्त्यांसाठी अशाच तपासण्या मांडल्या. पहिल्या, जोड्यांच्या तपासणीला ‘विभिन्नता’ म्हणावं, शाळेत ‘विभिन्न संच’ असतातच.

अकोटेकर : पटलं. एक जोडतो : पातळी पूर्णांक म्हणून घोषित केलीत आणि तिसरी ओळ ‘२१२ किंवा जास्त’ अशी दुरुस्त केलीत, तर अव्याप्तीच्या तपासणीत ‘अनसॅट’, म्हणजे ‘काही उरत नाही’, येईल. सेन्सर मात्र २११.५ दाखवतच राहील. पातळी ‘रिअल’च, म्हणजे अपूर्णांक चालणारी, ठेवा.