फुकटच्या लिनक्सवर महागडा ओरॅकल?

कर्नलकाका: "ओरॅकल डेटाबेसच्या लायसन्सला खोऱ्याने पैसा ओतायचा आणि खाली फुकटची लिनक्स ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम), म्हणजे मातीच्या भिंतीवर सोन्याचा कळस" असं परवा एकाने लिहिलंय. अहो, ओरॅकल 1998 पासून लिनक्सवर आहे. 2006 पासून तर कंपनीचं स्वतःचं लिनक्स आहे, तेही फुकट! भिंत पक्की असते, गिलावा, म्हणजे योग्य सेटिंग, कोणी करत नाही. 64 जीबीचा एसजीए (ओरॅकलच्या सगळ्या प्रोसेसची सामायिक मेमरी) 4 केबीच्या पानांवर (मेमरीच्या नेहमीच्या तुकड्यांवर) ठेवलात, तर तो पूर्ण वापरणाऱ्या प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबलच (कुठलं पान कुठे, याची वही) 128 एमबीचं. अशा 500 प्रोसेस म्हणजे 62.5 जीबी नुसत्या हिशेबाच्या वहीत. ह्यूजपेजेस (मोठी पानं) लावा: 2 एमबीचं पान, म्हणून 32,768 पानं आणि वर थोडी. मेमलॉक, म्हणजे मेमरी लॉक करून ठेवण्याची मर्यादा, वाढवा (आकडा केबीत), ट्रान्सपरंट ह्यूजपेजेस (लिनक्स आपणहून मोठी पानं बनवतं ती सोय) बंद करा, ओरॅकलचं यूज_लार्ज_पेजेस सेटिंग 'ओन्ली' ठेवा. पानं कमी पडली तर इन्स्टन्स, म्हणजे डेटाबेस, उठणारच नाही. गुपचूप छोट्या पानांवर घसरण्यापेक्षा ते परवडलं.

टेबलस्पेस: आणि मेमरी_टार्गेट, ओरॅकलचं मेमरी आपोआप वाटण्याचं सेटिंग? ते शून्य करायचं कोण सांगणार? त्याचं आणि ह्यूजपेजेसचं एकत्र नांदत नाही. अर्धीच कृती द्यायची आणि वर गिलाव्याच्या गप्पा!

कोरडेपाषाण: ती पोस्ट माझीच. आता 'फुकट' म्हणजे नेमकं कुठलं ते सांगा. सेंटओएस 8 ला (रेड हॅट लिनक्सचा फुकटचा अवतार) 2029 पर्यंतचा वायदा होता, 31 डिसेंबर 2021 ला गुंडाळलं. ओरॅकलच्या सर्टिफाइड यादीत तर ते कधीच नव्हतं. आणि रेड हॅट 7.2 चं रिमूव्हआयपीसी सेटिंग विसरलात? ओरॅकल यूजरचं शेवटचं लॉगिन सेशन संपलं की सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा, सांभाळणारा प्रोग्राम) त्याची शेअर्ड मेमरी साफ करतं. चालता डेटाबेस जागीच आडवा.

टेबलस्पेस: सिस्टिमडी!! लॉगिन सांभाळणाऱ्याने दुसऱ्याच्या मेमरीत हात घालायचाच कशाला? त्याच्या आधीच्या साध्या इनिट स्क्रिप्टने कोणाचं काय बिघडवलं होतं?

कर्नलकाका: झालं सुरू. लॉगिनडीच्या (सिस्टिमडीचा लॉगिन सांभाळणारा भाग) कॉन्फ फाइलमध्ये रिमूव्हआयपीसी=नो, मग सिस्टिमडी-लॉगिनडी रीस्टार्ट. संपलं. ओरॅकल यूजरचा यूआयडी (यूजरचा क्रमांक) 1000 च्या खाली, सिस्टिम यूजरचा असेल तर तो तसाही वगळला जातो.

टेबलस्पेस: म्हणजे चूक त्यांची आणि यूआयडी आम्ही बदलायचा. वा! तयार सर्व्हरवर यूआयडी बदललात की सगळ्या फाइलींची मालकी बदलत बसा. चाउन (मालकी बदलणारी कमांड) केलंत की ओरॅकल बायनरीचा सेटयूआयडी बिट (प्रोग्राम मालकाच्या हक्काने चालवण्याची खूण) उडतो, तो परवानग्या 6751 करून परत लावा.

कोरडेपाषाण: बघा, माझी बाजू तुम्हीच मांडताय. ओरॅकल डेटाबेस 19सीचा मूळ इन्स्टॉलर ओरॅकल लिनक्स 8 वर आयएनएस-08101 ही एरर देऊन अडतो. सीव्ही_अझ्यूम_डिस्टआयडी या व्हेरिएबलमध्ये 'ओईएल7.8' (जुनं ओरॅकल लिनक्स) सांगून त्याला गंडवावं लागतं. घरच्या ओएसला घरचाच इन्स्टॉलर ओळखत नाही!

कर्नलकाका: इन्स्टॉलर ओएसआधीचा आहे, ओळखणार कसा? पण दोष पैशाच्या सॉफ्टवेअरचा, फुकटच्या ओएसचा नव्हे. तुमचा कळसच वाकडा आहे.

कोरडेपाषाण: बरं, भिंत पक्की. सेंटओएसचं उत्तर मात्र अजून आलं नाही.

टेबलस्पेस: सिस्टिमडीचंही.