मदत हवी आहे: लिस्बन, चार दिवस, नऊ माणसं

नमस्कार मंडळी,

आम्ही आइंडहोव्हनला राहतो. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत घर भरणार आहे. माझे आईबाबा वसईहून येतायत, सासू-सासरे वाईहून, आणि सोबत सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे मावशी. आम्ही दोघं आणि मुलं (वय ११ आणि ६) धरून नऊ डोकी. सगळ्यांना घेऊन चार दिवस एखाद्या जुन्या बंदराच्या शहरात जायचं ठरलं आणि तिथेच भांडणं सुरू झाली.

नवऱ्याला दुब्रोव्हनिक हवं होतं, पण तिथल्या तटबंदीवर जवळजवळ दोन किलोमीटरची चाल आणि पायऱ्याच पायऱ्या, म्हणून ते बाद. सासूबाईंना व्हेनिस हवं होतं. तिथे जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या, तेही बाद. उरलं लिस्बन. खरं सांगायचं तर ते बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. "ज्यांनी आमच्या गावात दोनशे वर्षं मुक्काम ठोकला, त्यांचं घर एकदा बघायचंय."

आमच्याकडे व्याही भेटले की घंटेचा विषय निघतोच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावर नेल्या गेल्या. त्यातली एक मेणवलीच्या घाटावर आहे, म्हणजे सासऱ्यांच्या अगदी शेजारी. बाबा विचारतात, "आमची घंटा कधी परत करताय?" सासरे म्हणतात, "आधी लिस्बनहून पावती घेऊन या." तर आता पावती आणायला निघालोय.

अडचणी अशा. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. सासू-सासरे आणि मावशी अंडंही खात नाहीत, त्यात मावशींचा चातुर्मास, म्हणजे कांदा, लसूण, वांगं बंद. उलट बाबांना ताटात मासा नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. सासरे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, त्यांना नुसत्या "सुंदर इमारती" दाखवल्या की ते बाकावर जाऊन बसतात. धाकटीला दर वीस मिनिटांनी शू लागते.

माझा कच्चा बेत:

रविवारी दुपारी पोचून अल्फामा (चढावरची जुनी वस्ती) आणि किल्ला. सोमवारी बेलें, तिथला मठ आणि बुरूज. मंगळवारी लिस्बनबाहेरची सिंत्रा, काबो द रोका आणि कास्काइश एकाच दिवसात. बुधवारी २८ नंबरची ट्राम, थोडी खरेदी आणि संध्याकाळचं परतीचं विमान.

राहायला अल्फामात तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बघून ठेवलाय, गच्चीतून नदी दिसते. पैसे अजून भरलेले नाहीत.

प्रश्न: हे सगळं जमण्यासारखं आहे का? आईबाबांचा व्हिसा नेदरलँड्सचा आहे, पोर्तुगालसाठी वेगळं काही लागेल का? आणि तिघांच्या जेवणाचं काय करू?

~ वसईवाली

*

तेजोकाठ:

सहा वर्षं लिस्बनमध्ये आहे, म्हणून हक्काने सांगतो. तो फ्लॅट घेऊ नका.

माझे आईवडील पहिल्यांदा आले तेव्हा मीही असाच अल्फामातला फ्लॅट घेतला होता, फोटोतली गच्ची बघून. टॅक्सीवाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं, पुढे गाडी जातच नाही. तिथून बॅगा घेऊन चौसष्ट पायऱ्या (नंतर रोज मोजल्या), मग इमारतीतला अरुंद लाकडी जिना, लिफ्टचं नाव नाही. मालकाने जाहिरातीत लिहिलं होतं, "अस्सल जुनं वातावरण". आई चार दिवसांत दोनदाच खाली उतरली.

बायशा भागात लिफ्ट असलेली जागा बघा. तो सखल भाग आहे, रस्ते सरळ आणि मेट्रो जवळ. सासऱ्यांचंही काम तिथेच होईल. १ नोव्हेंबर १७५५ ला मोठा भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आणि आग. बायशा जवळजवळ पूर्ण गेला. तेव्हाचा मंत्री मार्केस द पोंबाल याच्या हुकमाने तो नव्याने बांधला तेव्हा भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला. त्याला म्हणतात 'गायोला', म्हणजे पिंजरा. हादरे बसले तर दगड पडेल पण सांगाडा उभा राहील, ही कल्पना. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची चाचणी घेतली, असं इथे सांगतात. सासऱ्यांना एवढं सांगा आणि मग वर कार्मोच्या चर्चकडे न्या. त्याचं छप्पर १७५५ मध्ये कोसळलं, ते तसंच ठेवलंय. उघड्या आकाशाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत. बाकावरून उठतील.

दुसरी चूक: बेलेंचा जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. बेलें मंगळवारी ठेवा.

*

पायवाट:

व्हिसाचं: शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) असेल तर पोर्तुगालसाठी वेगळा लागत नाही, आणि सिंगल एंट्री (एकदाच प्रवेश) असला तरी नेदरलँड्समधून पोर्तुगालला जाणं म्हणजे बाहेर पडणं नाही. फक्त स्वस्त तिकिटाच्या मोहात लंडनमार्गे जाऊ नका. ते शेंगेनच्या बाहेर, सिंगल एंट्री तिथेच संपेल. थेट विमान घ्या. आणि ज्येष्ठांचे पासपोर्ट जवळ ठेवा, फोटोकॉपी नको.

आईंसाठी विमानतळावर व्हीलचेअर मागून ठेवा. युरोपात ती मदत फुकट असते, फक्त निदान ४८ तास आधी कळवायचं.

शहरात चढ खूप आहेत, पण सोपा नियम आहे: वर गाडीने जा, खाली चालत या.

*

वसईवाली:

पायवाट, व्हिसाचं ऐकून जीव भांड्यात पडला. लंडनमार्गेचं तिकीट मी खरंच बघून ठेवलं होतं!

पण चालत उतरणं नको हो. आईला चढ चालतो, उतारावर गुडघे ओरडतात. घरातला जिनासुद्धा ती उलटी उतरते.

*

तेजोकाठ:

मग तर इथल्या फरसबंदीबद्दल आधीच सांगतो. चुनखडीचे लहान पांढरे-काळे तुकडे बसवलेले असतात, फार देखणे. पण लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालेत आणि ऑक्टोबरात पाऊस पडला की साबण. चपला, सँडल बंद. रबरी तळव्याचे बूटच.

चढ-उतार चुकवायच्या इथल्या युक्त्या: बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचं एक दार खाली बायशात आहे आणि दुसरं वर शियादुत. मधले सरकते जिने वापरायचे, वर जाताना आणि खाली येतानाही. किल्ल्याकडे जायला रुआ दुश फांकैरुशवर एका साध्या इमारतीत फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून जवळच दुसरी लिफ्ट. सांता जुश्ताची १९०२ सालची लोखंडी लिफ्ट सासऱ्यांना खालून दाखवा, वर जायची रांग नऊ जणांना झेपणारी नाही. फ्युनिक्युलरच्या (चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या ट्रामच्या) भरवशावर काही ठरवू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यातल्या ग्लोरिया नावाच्या एकीला मोठा अपघात झाला, १६ माणसं गेली.

आणि हो, रिक्षा! इथे पर्यटकांसाठी टुकटुक आहेत, बहुतेक विजेवरच्या. अल्फामाची चक्कर आई त्यात बसून करू शकतील. भाव मात्र बसायच्या आधी ठरवा.

*

वसईवाली:

रिक्षाचं वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, भाव मी ठरवणार. पोर्तुगीजांची दया येतेय.

*

सुगरणबाई:

जेवणाचं मी सांगते. माझ्या शाकाहारी सासूबाईंना घेऊन गेले होते.

पहिलं म्हणजे पाश्तेल द नाता. दिसायला निरागस कस्टर्डची पुरी, पण आत अंड्याचा बलक भरपूर. तिघांना आधीच सांगा, नाहीतर बेलेंच्या दुकानासमोर फजिती. दुसरं, काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या पाल्याचं सूप. बघून वाटतं पालेभाजीच, पण वर डुकराच्या सॉसेजच्या चकत्या तरंगत असतात. तिसरं, टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं.

शहराच्या उत्तरेला लुमियार भागात राधाकृष्णाचं मंदिर आहे, तिथल्या हिंदू समाजाचं. बरेचसे लोक मूळचे गुजराती, मोझांबिकमार्गे आलेले. मंदिराच्या भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळतं. वेळा फोन करून विचारा. कांदा-लसणाचंही तेव्हाच.

पण मावशींसाठी खरा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेली जागा. मार्तिम मोनिश चौकाजवळ डाळ, पीठ, मसाले विकणारी देशी दुकानं आहेत. कोथिंबीर तर साध्या सुपरमार्केटातही मिळते, पोर्तुगीज लोक ती आपल्यासारखीच वापरतात. सकाळी एक वरणभात लावून बाहेर पडायचं. तिथे बरीच हॉटेलं दुपारी तीननंतर बंद होतात ती साडेसातला उघडतात आणि आपल्या माणसांना सातला भूक लागते.

बाबांची काळजी नको. बाकाल्याउ, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. आमचे हे पहिल्या वासालाच म्हणाले, "अरे, हा तर आपला सुका बाजार!" मेनूवर त्याच्या शेजारी 'बाताता' लिहिलेलं वाचून इतके खूश झाले की वेटरला मेज, पगार, चावी, पाव असे सगळे शब्द म्हणून दाखवले. वेटरने पगारवर मान डोलावली आणि बिल आणलं. त्यांच्या भाषेत पगार म्हणजे पैसे देणे.

*

पायवाट:

उताराबद्दल माफ करा, माझे गुडघे अजून शाबूत आहेत म्हणून लिहिलं.

सिंत्रा, काबो द रोका आणि कास्काइश एका दिवसात नऊ जणांना अशक्य. सिंत्राच्या पेना महालाला ठरावीक वेळेचं तिकीट असतं, आणि धाकटीची एक शू चुकली तर वेळ चुकली. सिंत्रा सोडा. कास्काइशला जा. काइश दु सोद्रेहून लोकल निघते, साधारण ४० मिनिटं लागतात आणि बराचसा रस्ता पाण्याच्या कडेने जातो. उतरल्यावर सपाट किनारा. विरारची लोकल अनुभवलेल्या माणसांना तर चैन वाटेल.

बेलेंलाही त्याच मार्गावरची धीमी लोकल घ्या, ट्राम १५ पेक्षा गर्दी कमी. वास्को द गामाचं थडगं मठाच्या चर्चमध्ये आहे, आत शिरल्या शिरल्या. त्याच्या समोर कवी कामोंइशचं. बेलेंचा बुरूज बाहेरूनच बघा, आतला गोल जिना अरुंद आहे.

२८ नंबरच्या ट्राममध्ये नऊ जण एकत्र चढायचा विचारही करू नका. पाकीटमार तिथे ड्युटीवर असल्यासारखे असतात. हौसच असेल तर सकाळी लवकर, प्राझेरेशच्या टोकाहून, फक्त मुलांना घेऊन.

*

तेजोकाठ:

एक सुचवू? नऊ जणांना दिवसभर एकत्र फिरवू नका. सकाळी सगळे मिळून एकच ठिकाण, दुपारी ज्याला जे हवं ते. आईंसाठी काइश दु सोद्रेहून काशिल्याशची फेरीबोट, दहा मिनिटांत पलीकडे. बसल्या बसल्या पूर्ण शहर समोर येतं, एक पायरी न चढता.

(कुणी म्हणायच्या आत सांगतो: हो, लिस्बन समुद्रावर नाही, तेजो नदीच्या मुखाशी आहे. पण १४९७ मध्ये गामाची जहाजं याच पाण्यातून सुटली, तेव्हा बाबांना चालेल.)

*

वसईवाली:

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊन धागा मोठ्याने वाचला. बदललेला बेत असा:

बायशात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टवाली, स्वयंपाकघर असलेली जागा ठरवली. मालकाला लिफ्टचा फोटो मागितला, त्याने आत उभं राहून काढून पाठवला. रविवारी नुसतं पोचणं आणि वरणभात. सोमवारी सकाळी कार्मो, दुपारी रिक्षा. मंगळवारी बेलें. बुधवारी फेरीबोट आणि परत. कास्काइश बाबा आणि नवरा मंगळवारी दुपारी उरकून येतील, आम्ही बाकीचे मठाबाहेर बागेत बसू.

गायोलाचं ऐकल्यावर सासऱ्यांनी वही काढली आहे. बाबा वसईच्या किल्ल्याचे फोटो प्रिंट करून आणणार आहेत, गामाला दाखवायला म्हणे.

एकच राहिलं: तीन लिटरचा कुकर हँडबॅगेत नेता येतो का? मावशी त्याच्याशिवाय निघणार नाहीत.

*

सुगरणबाई:

आमचा नेला होता. तपासणीला उघडून दाखवायला लावला, मग सोडला. शिट्टी काढून वेगळी ठेव, आणि आत डाळ भरून नेऊ नकोस. मी नेली होती, सगळी ट्रेमध्ये सांडली.