स्लॅशरची थट्टा: आधी मूळ चित्रपट दाखवावा की आधी विडंबन?

गोदाकाठ (धागाकर्ता)

इंदिरानगरमध्ये आमचा सात-आठ जणांचा गट आहे. महिन्यातल्या एका शनिवारी कोणाच्या तरी गच्चीवर पांढरी चादर ताणून, भाड्याने आणलेल्या प्रोजेक्टरवर आम्ही चित्रपट पाहतो. या वेळी हॉरर कॉमेडी पाहायची असे ठरले असून ‘टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल’ (२०१०) आणि ‘द कॅबिन इन द वूड्स’ (२०१२) ही नावे पुढे आली आहेत. दोन्हींत स्लॅशरपटांच्या, म्हणजे एक मारेकरी तरुण मंडळींना एकेक करून मारतो अशा भयपटांच्या, ठरीव साच्याची थट्टा आहे. माझी हरकत एवढीच, की गटातील निम्म्या मंडळींनी एकही अस्सल स्लॅशर पाहिलेला नाही. तेव्हा त्यांना आधी जॉन कारपेंटर यांचा ‘हॅलोविन’ (१९७८) दाखवावा आणि थट्टा पुढच्या महिन्यावर ढकलावी.

ज्या साच्याला आपण हसतो, तो मूर्खपणातून जन्मलेला नाही. ‘हॅलोविन’ तीन लाख डॉलरच्या आसपास एवढ्या तुटपुंज्या पैशांत तयार झाला. मारेकऱ्याचा मुखवटासुद्धा दुकानातून आणलेला, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा होता आणि त्यालाच पांढरा रंग फासण्यात आला. या चित्रपटाने मिळवलेले यश पाहून ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) आणि पुढची रांग उभी राहिली. तळ्याकाठचे शिबिर, बिनओळखीचे तरुण नट, एकच जागा आणि एकच रात्र, हे सारे प्रथम परवडणारे म्हणून आले. पात्रे एकत्र राहिली तर कथा अर्ध्या तासात संपेल, म्हणून एकाने कोठारात जायचे आणि दुसऱ्याने पाण्याकडे. ही गरज ज्याला ठाऊक नाही, तो “आपण वेगवेगळे होऊन शोधू या” या वाक्याला हसेल. परंतु त्याचे हसू पात्राच्या बावळटपणावर थांबेल, रचनेपर्यंत पोहोचणार नाही.

शिवाय विडंबनामुळे स्लॅशर म्हणजे रक्ताचे फवारे आणि किंचाळणाऱ्या मुली, असा समज पक्का होतो. ‘हॅलोविन’मध्ये रक्त जवळजवळ दिसतच नाही. भर दिवसा, झाडे लावलेल्या शांत रस्त्यावर, कुंपणाच्या झुडपाशी एक आकृती उभी असते आणि पुढच्या क्षणी नसते. ज्याने हे अनुभवलेले नाही, त्याला पुढची थट्टा कशाची आहे, हे कसे कळावे?

कॉलेज रोडची वाचक

आपला मुद्दा मांडणीला चोख आहे, पण आपल्याच साहित्यातील एक उदाहरण तो खोडून काढते. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेली ‘झेंडूची फुले’ १९२५ साली प्रसिद्ध झाली. रविकिरण मंडळाच्या ज्या काव्यपद्धतीची तीत टर उडवलेली आहे, त्या मूळ कविता आज किती जण वाचतात? तरीही आपण खळखळून हसतो, कारण चांगले विडंबन आपला नमुना पोटात घेऊनच येते. वाचकाला आधी शिकवणी लावावी लागत नाही.

वेस क्रेव्हन यांचा ‘स्क्रीम’ (१९९६) पाहा. व्हिडिओच्या दुकानात काम करणारा रँडी भर पार्टीत ‘हॅलोविन’ लावतो आणि जिवंत राहण्याचे नियम मोठ्याने सांगतो: शरीरसंबंध ठेवायचे नाहीत, दारू आणि अमली पदार्थ टाळायचे, आणि “मी आलोच” असे कधीही म्हणायचे नाही. ज्याने काहीच पाहिलेले नाही, त्यालाही पाच मिनिटांत साचा समजतो, आणि मग नायिका सिडनी पहिला नियम मोडूनही वाचते, यातली गंमत त्याला पुरेपूर मिळते. हा चित्रपट परक्याने केलेली कुचेष्टा नव्हे. स्लॅशरच्या भरभराटीत १९८४ साली ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ देणाऱ्या दिग्दर्शकाने घरातच केलेली झाडलोट आहे. (केव्हिन विल्यमसन यांच्या या पटकथेचे आधीचे नाव ‘स्केरी मूव्ही’ असे होते. पुढे २००० साली ते नाव घेऊन आलेल्या चित्रपटाने ‘स्क्रीम’चीच टर उडवली, म्हणजे थट्टेची थट्टा झाली. तो चित्रपट मात्र मला रटाळ वाटतो.)

आणखी असे, की साचा हवेतच असतो. ‘पुराना मंदिर’ (१९८४) किंवा ‘वीराना’ (१९८८) यांसारखे रामसे बंधूंचे भयपट ज्यांनी दूरचित्रवाणीवर ओझरते जरी पाहिले असतील, त्यांना रात्री एकटाच दिवा घेऊन निघालेल्या पात्राचे पुढे काय होणार, हे सांगावे लागत नाही.

माझा खरा आक्षेप निराळा आहे. हे मूळ चित्रपट नीतीचा एक धडा देतात: मौजमजा करणाऱ्या मुली मरतात आणि सोवळी मुलगी उरते. अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये तिला ‘फायनल गर्ल’ असे नाव दिले. ‘कॅबिन’ हा धडाच उघडा पाडतो. तिथे तरुणांचे बळी घडवून आणणारे तळघरातले कर्मचारी केसांच्या रंगात रसायन मिसळून हुशार मुलीला उथळ बनवतात, आणि जिला ‘कुमारिका’ म्हणून बळी द्यायचे ती कुमारिका नसते, तेव्हा जे हाती आहे त्यावर भागवतात. नवख्या प्रेक्षकाला प्रश्नाआधी धडा का द्यावा?

गोदाकाठ

वाचकताई, ‘हॅलोविन’ पुन्हा एकदा पाहावा, अशी विनंती करतो. त्यातली नायिका लॉरी ही सोवळी म्हणून वाचते, हे विडंबनांनी पसरवलेले अर्धसत्य आहे. ती मैत्रिणीच्या गाडीत बसून गांजाचा झुरका घेते आणि ठसकते. दारू व अमली पदार्थांचा तो प्रसिद्ध नियम तिला लावला, तर तिने पहिल्या तासातच मरायला हवे. ती वाचते, कारण ती खिडकीबाहेर पाहते. बाकीच्या मुली पाहत नाहीत. थट्टेतून आधी ओळख झाली की मूळ वस्तूविषयी असा गैरसमज होतो आणि तो जाता जात नाही. माझ्या म्हणण्याला आपणच पुरावा दिलात.

टूरिंग टॉकीज

मारेकरी बाहुला आमच्या पिढीला हसत हसतच भेटला. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) आम्ही पाहिला, आणि त्याच धर्तीचा १९८८ चा ‘चाइल्ड्स प्ले’ फार नंतर पाहिला. लक्ष्मीकांत बेर्डे यांना पाहून पोट दुखेपर्यंत हसलो, तरी रामदास पाध्ये यांच्या त्या बाहुल्याकडे पाठ करून झोपण्याची हिंमत कित्येक दिवस झाली नाही. हसण्याने भीती मरते, हे मला पटत नाही.

गोदाकाठ

ते विडंबन नव्हेच. ‘झपाटलेला’तला तो बाहुला, तात्या विंचू, खरोखर मारायला निघालेला आहे. तिथे कोणी साच्याला हसत नाही, माणसांना हसते.

दिंडोरीकर

मी द्राक्षबागायतदार आहे, चित्रपटांचा अभ्यासक नाही. परंतु ‘टकर अँड डेल’बद्दल मला बोलायचे आहे, कारण तो चित्रपट मी जगलो आहे.

आमच्या मळ्याला लागून एक फार्महाऊस आहे आणि शनिवार-रविवारी तिथे मुंबईपुण्याची मुले मुक्कामाला येतात. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर बेमोसमी पाऊस झाला. द्राक्षांवर डावणी रोग येऊ नये म्हणून मी रात्री अकराला ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत उतरलो. डोक्यावर टोपी, डोळ्यांना चष्मा, तोंडाला घट्ट फडके आणि अंगात जुना रेनकोट. एका ओळीत वेल तारेवरून सुटून आडवा आला होता, म्हणून खाली उतरून कात्री हातात घेतली. तेवढ्यात कुंपणापलीकडून किंकाळी आली. काय झाले ते विचारायला मी त्यांच्याकडे गेलो, आणि ही माझी चूक झाली. मुलांनी दारे लावून घेतली, एकाने आतून दगड भिरकावला आणि थोड्या वेळाने गावचे पोलीस पाटील झोपमोड होऊन माझ्या बांधावर आले.

वर्षभराने भाच्याने मला तो चित्रपट दाखवला. टकर आणि डेल हे दोघे साधे खेडूत मित्र. बिचारा डेल मुलींशी ओळख करून घ्यायला जातो आणि त्याच्या हातात लांब दांड्याचे गवत कापायचे पाते असते. टकरची करवत मधमाश्यांच्या पोळ्याला लागते, माश्या चुकवत तो करवत फिरवत धावतो आणि पोरांना वाटते, खुनी आला. मी हसलो, पण हसताना त्या रात्रीचा दगड आठवत होता. गोदाकाठ, मी तुमचा ‘हॅलोविन’ पाहिलेला नाही. मला त्याची गरजही भासली नाही. शहरी माणसाला खेड्यातला अंधार आणि खेड्यातला माणूस एकच वाटतो, हा साचा मला कोणत्याही चित्रपटाने शिकवलेला नाही.

गोदाकाठ

दिंडोरीकर, तुमच्या अनुभवापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे मान्य करतो. तरीही शेवट आठवून पाहा. पोरांमधला खरा दुष्ट चॅड हा स्वतःच एका खुनी रानवट माणसाचा मुलगा निघतो. दीड तास ज्या पूर्वग्रहाला दिग्दर्शक एली क्रेग हसले, तो शेवटी त्यांनी मागच्या दाराने घरात घेतला: दुष्टपणा गावठी रक्तातूनच आला. साच्याला हसणे सोपे असते, साच्याशिवाय शेवट करणे अवघड असते.

कॉलेज रोडची वाचक

लॉरी आणि गांजा हा मुद्दा मला ठाऊक नव्हता, म्हणून काल रात्री ‘हॅलोविन’ पाहिला. आपले म्हणणे खरे आहे, ती ठसकतेसुद्धा. परंतु पाहताना माझे सारे लक्ष तिने नियम कुठे मोडला हे शोधण्याकडे होते आणि ती नजर मला ‘स्क्रीम’ने दिली होती. मला मूळ चित्रपट नीट दिसला तो विडंबन आधी पाहिल्यामुळेच, त्यामुळे क्रमाबाबतचे माझे मत बदललेले नाही.

चॅडबद्दल मात्र आपण बरोबर आहात. तो शेवट मलाही खटकला होता.

दिंडोरीकर

चॅडचा शेवट मलाही नीट वाटला नाही. भाचा म्हणाला, “मामा, तो विनोद आहे.” मी म्हटले, बाकीचा विनोद होता.

शनिवारी काय दाखवायचे ते तुम्ही ठरवा. गच्चीवर दव पडून चादर ओली होत असेल, तर माझ्या शेडमध्ये या. मागची भिंत पांढरी आहे. फक्त त्या रात्री आभाळ आले तर मला फवारणीला उतरावे लागेल, हे नवीन मंडळींच्या कानावर आधीच घालून ठेवा.